हौसाबाईंची गृहचौकशी

माझ्या ऑफिसातल्या बायका उन्हाळ्यात महाबळेश्वर करून येतात आणि पार दिवाळीपर्यंत फोटो दाखवत बसतात. माझ्या सगळ्यांत आवडत्या प्रवासाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. एक पाच पानी सरकारी फॉर्म आहे आणि त्याच्या कोपऱ्याला कांद्याची साल चिकटलेली आहे. नाशिकहून एसटीने देवळा, तिथून ट्रॅक्टरने पुढचं एक गाव आणि परत, एवढाच तो प्रवास. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. ज्यांच्या घरी गेले त्यांची लेक आता सुखात आहे आणि तिची चर्चा कुणी पारावर करावी असं मला वाटत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी नाशिकला प्रोबेशन ऑफिसर होते. म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या कॉलनीत सांगायच्या, "सुमन कोर्टात मास्तरीण आहे." बायकांना फसवून नेणाऱ्या आणि विकणाऱ्यांना शिक्षा करणारा जो कायदा आहे, त्याचं एक टोक माझ्या टेबलावर असायचं. कायदा चांगला आहे, पण त्याला एक खोड आहे. ज्या मुलीला सोडवलं तिलाही तो कुलपातच ठेवतो, तिच्याच भल्यासाठी. एकवीस वर्षांच्या आतल्या मुलीला घरी पाठवायचं, तर ते घर तिला सांभाळायला लायक आहे की नाही, याची चौकशी आधी झाली पाहिजे. चौकशीला मुदत तीन आठवड्यांची. घर नालायक ठरलं, तर मुलगी वर्ष ते तीन वर्षं संरक्षणगृहात. ही चौकशी करणारी मी.

त्या वैशाखात संरक्षणगृहात इंदू होती. एकोणीस वर्षांची, सातवी पास, रंगाने सावळी आणि बोलायला फटाकडी. तिच्या घरी दोन बायका आणि एक पुरुष स्थळ घेऊन आले होते. मुलगा सातपूरच्या कंपनीत, हुंडा नको, पण लग्न लगेच हवं. एका देवळात हार घातले आणि मुलाकडचे म्हणून तेच तिघे तिला घेऊन निघाले. नवरामुलगा म्हणे शिफ्टवर होता, म्हणून हार त्याच्या फोटोलाच घातला होता. नाशिक रोड स्टेशनवर परराज्यात जाणाऱ्या गाडीत तिला चढवायला लागले, तेव्हा इंदूने विचारलं, आपण कुठं चाललो? ते म्हणाले, सातपूरला.

"माझा मामा सातपूरला वर्कशॉपात होता, बाई," तिने मला सांगितलं. "मामा शहर बसने जायचा. सातपूरला रेल्वे जातच नाही." मग तिने प्लॅटफॉर्मवर बैठक मारली आणि असा गळा काढला की तिकीट कलेक्टर, हमाल आणि शेवटी पोलीस, सगळे गोळा झाले. एक बाई सापडली, बाकीचे दोघे पळाले. इंदूला धक्काही लागला नाही. पण सोडवली गेल्यामुळे ती आता आमच्या कुलपात होती.

पोलिसांनी तिच्या आईला पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नव्हतं. सात दिवस उरले होते, आणि आई न्यायला आलीच नाही तर फॉर्मवर मला एकच शब्द लिहिता येणार होता, नालायक. निघताना इंदू म्हणाली, "आई तोंडाने तिखट आहे. तुम्ही घाबरू नका." मी हसले. घाबरायची पाळी माझ्यावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

नाशिक ते देवळा

सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मोठ्या एसटी स्टँडवर, आपटे बाई माझ्या आधी हजर होत्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ह्या मुख्याध्यापिका. असल्या प्रकरणांत मॅजिस्ट्रेटसाहेबांना सल्ला द्यायला समाजातली प्रतिष्ठित मंडळी बसवतात, त्यांतल्या त्या एक. चौकशीला गावोगाव फिरायची त्यांच्यावर सक्ती नव्हती, पण बाई म्हणाल्या, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कधी मार्क दिले नाहीत." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. भर वैशाखात बाईंनी जांभळी, येवल्याची पैठणी नेसली होती.

"बाई, उन्हात?"

"अगं, कोर्टाने प्रतिष्ठित म्हणून नेमलंय. प्रतिष्ठित दिसायला नको?"

आग्रा रोडने पिंपळगावपर्यंत बरं गेलं. पुढे भावडबारीच्या चढावर एसटीने धापा टाकल्या आणि थांबली. कंडक्टर शांतपणे खाली उतरला, इंजिनाला पाणी पाजलं आणि विडी पेटवून आम्हाला म्हणाला, "गाडी बी बाईमाणूसच हाय, दम खाऊ द्या." आपटे बाईंनी थर्मासमधला चहा काढला, त्यालाही दिला, आणि इंजिनाच्या पाण्याच्या झाकणात चहा पिणारा तो पहिलाच कंडक्टर असेल असं मला वाटतं, कारण थर्मासला कप एकच होता आणि तो बाईंचा स्वतःचा होता. पोरी, दुधाचे कॅन, एक बोकड आणि आम्ही, सगळे रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली उभे होतो. बोकडाने पैठणीचा पदर चाखून पाहिला. बाई म्हणाल्या, "चव कळते ह्याला."

देवळ्यात पोचेपर्यंत पुढची गाडी गेली होती. उन्हाळी कांदा निघत होता, त्यामुळे सगळा गाव कांद्याच्या वासात होता. रिकाम्या पोत्यांची ट्रॉली घेऊन परत जाणारा एक म्हातारा ट्रॅक्टरवाला भेटला. त्याला सगळे आबा म्हणत. आम्ही पोत्यांवर बसलो. नाशिकात कुणी मला पोत्यावर बसून वेशीत शिरताना पाहिलं असतं तर नोकरीची अब्रू गेली असती. इकडे तीच राजाची सवारी होती.

"कोनाकडे जानं शे?" आबांनी विचारलं.

मी हौसाबाईंचं नाव सांगितलं. आबांनी वळून एकदा माझ्या मांडीवरची फाइल पाहिली, एकदा पैठणी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "पोर दखाले उनात!"

इकडे 'शे' म्हणजे आहे, 'दखाले' म्हणजे बघायला आणि 'उनात' म्हणजे आलात, एवढी अहिराणी इंदूने मला शिकवली होती. मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्या आवाजात नकार ऐकायला कोण बसलंय?

इंदूचं गाव

आबांनी वेशीपासूनच बातमी वाटायला सुरुवात केली. आम्ही हौसाबाईंच्या दाराशी उतरलो तेव्हा अंगणात सतरंजी पडलेली आणि पंधरावीस बायका पदर सावरून बसलेल्या. मी घाम पुसत बाईंच्या कानात म्हटलं, "आत्ताच खरं सांगून टाकते."

तेवढ्यात एका शेजारणीने हौसेने माहिती पुरवली, "इंदी मालेगावले शे, मावशीकडे. उद्या बलाई लिऊत."

मी फाइल पदराखाली घेतली. तर हौसाबाईंनी गावाला हे सांगितलं होतं, इंदू मालेगावला आहे आणि बोलावलं की येईल. पोरीचं लग्न लागलं हेही लपवलं होतं आणि पोर खरी कुठं आहे हे पोलिसांच्या पत्रावरून त्यांना कळलं होतं की नाही, तेही मला ठाऊक नव्हतं. मी आता 'संरक्षणगृह' हा शब्द उच्चारला असता, तर इंदू घरी आली तरी तिचं घर उरलं नसतं. आपटे बाईंनी चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेले. त्यांनी पदराने वारा घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हो, आम्ही घर बघायलाच आलोय. सुमन, विचार काय ते."

मी फॉर्म उघडला. घरात माणसं किती, कमावतं कोण, जमीन किती, घर पक्कं की कच्चं, कुणाला व्यसन, कुणाला दीर्घ आजार, मुलीचं शिक्षण, मुलीचा स्वभाव. मुंबईच्या कुठल्या साहेबाने हा फॉर्म तयार केला देव जाणे, पण तो आपल्या बायकोला पाहायला गेला होता तेव्हाचेच प्रश्न त्याने लिहून काढलेले दिसत होते. गावाला एकही प्रश्न नवा वाटला नाही. शहरात आम्ही हे प्रश्न आडून आडून विचारतो, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. इथं ते सरळ विचारायचे असतात आणि उत्तर घरच्यांनी द्यायचंच नसतं, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं.

फॉर्मवर 'दोन प्रतिष्ठित शेजाऱ्यांचे मत' असं एक कलम आहे. एरवी ते दोन मिळवताना माझ्या चपला झिजतात. त्या दिवशी सतरा मिळाले. हौसाबाईंची दीड एकर जमीन बायकांनी पाच एकरांवर नेली, एका शेळीच्या तीन केल्या. स्थळ मोडू नये म्हणून माणसं किती मनापासून खोटं बोलतात, ते ऐकून मला गहिवरून आलं, पण अहवालात लिहायचं काय हा प्रश्न होताच. शेवटी कोपऱ्यातली एक वयस्कर बाई म्हणाली, "ऐका, खरं सांगते. हौसाच्या तोंडाला लगाम नाय. पाटलालाबी सोडत नाय ती. पन मालक मेल्यापासून तीन सालं, पोरीच्या आधी जेवलेली आमी तिला पाह्यली नाय." मी फक्त तेवढंच लिहून घेतलं.

आणि स्वतः हौसाबाई? त्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. उंच, काटक, हाताच्या नसा वर आलेल्या. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. पोहे काही आले नाहीत. शेजारणींनी दोनदा आठवण केली, तरी नाहीत. बायका नाराज झाल्या आणि हळूहळू पांगल्या.

दार लोटून मी म्हटलं, "हौसाबाई, मी नाशिकहून आले. इंदू बरी आहे. सुखरूप आहे. तिला धक्काही लागलेला नाही."

 त्यांनी देव्हाऱ्यामागून पोलिसांचं पत्र काढलं आणि आमच्यापुढे टाकलं. "कागद दखाडीसन पोर लई ग्यात. आते कागद दखाडीसन माले बी लई जातीन."

कागद दाखवून पोर नेली, आता कागद दाखवून मलाही नेतील. आणि माझ्या हातात आणखी पाच पानं होती. त्या सांगू लागल्या, आणि सांगताना आवाज चढत गेला. ते तिघेही असेच आले. अशाच चांगल्या साड्या. हेच प्रश्न. पोहे केले तर दोन-दोन बशा खाल्ल्या. त्या दिवसापासून या घरात पोहे भिजले नाहीत. मुलाचं घर बघायला जायचं ते पुरुषांनी. यांच्या घरात पुरुष नाही, सातपूरला होता तो भाऊही कामाच्या शोधात सुरतेला गेलेला. म्हणून कुणीच गेलं नाही.

मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी कोर्टाचा शिक्का दाखवला. शिक्का त्या लोकांकडेही होता म्हणाल्या. मग मला इंदूने सांगितलेलं आठवलं आणि फॉर्ममध्ये त्याला कलम नसल्यामुळे ते मी आतापर्यंत विचारलंच नव्हतं. "इंदूने विचारलंय, कांद्याला शेवटचं पाणी दिलं का? आणि पलीकडच्या वाफ्याची मोट... नाही, पाट. पाट फुटला असेल, तिथं दगड लाव म्हणालीय."

हौसाबाई खाली बसल्या. पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले, उगाच खोटं कशाला सांगू. आपटे बाईंनी मात्र नाक शिंकरून घेतलं आणि म्हणाल्या, "मग लावला का दगड?"

"लावला," हौसाबाई म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बोट करून, "मी येस. पन पैलं तुमनं घर दखाडा."

येते, पण आधी तुमचं घर दाखवा. संरक्षणगृह नाही, कोर्ट नाही. आधी माझं घर.

परत नाशिक

रात्री तिथंच राहिलो आणि सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खाऊन निघालो. आपटे बाईंनी ठेच्याची तारीफ केली, डोळ्यांतून धारा लागल्या तरी केली. कांद्याने भरलेल्या ट्रॉलीवर आम्ही तिघी, आणि गावाला हौसाबाईंनी सांगितलं, "पोऱ्यानं घर दखाले जास." गावात हा एक धक्काच होता. बाई माणूस, एकटी, मुलाचं घर बघायला निघाली. आबा वाटभर मान हलवत राहिले.

आमची कॉलनी म्हणजे बैठी घरं, पुढे तुळस-बिळस काही नाही, एक जाईचा वेल आणि नळ. हौसाबाई उंबऱ्यातच थबकल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला सकाळची फुलं. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. मला ती नजर माहीत आहे. शाळेपासून माहीत आहे. खेड्यात हिच्या घरी मी पाणी प्यायले तेव्हा हिला माझं आडनाव विचारायचं सुचलं नव्हतं. सासूबाईही ओळखून होत्या. त्या पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या, पुढे केला नाही.

हौसाबाई आत आल्या, स्वयंपाकघरात डोकावल्या, पिठाचा डबा उघडून पीठ बोटांनी चोळून पाहिलं. माझ्या सासूबाईंना विचारलं, "सून कशी शे?"

"कामावरून उशिरा येते," सासूबाई म्हणाल्या. "भाकरी जाड थापते. पण खोटं बोलत नाही."

एवढं मत माझ्याबद्दल त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. हौसाबाईंनी मान डोलावली, तांब्या सासूबाईंच्या हातातून स्वतः घेतला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. "चला," म्हणाल्या.

संरक्षणगृहात माय-लेकींची भेट झाली, ती मी लांबून पाहिली. इंदू एकीकडे रडत होती आणि एकीकडे आईला पाटाचं विचारत होती. त्यानंतर हौसाबाईंनी गृहाची तपासणी केली. आमटीची चव घेतली आणि ती पातळ आहे असं सांगितलं. दाराचं कुलूप हातात धरून आमच्या अधीक्षिकाबाईंना विचारलं, "हाई कोनासाठे? चोरले का पोरले?" चोरासाठी की पोरीसाठी. अधीक्षिकाबाई चांगल्या होत्या, त्यांना राग आला नाही. 

कोर्ट

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझा अहवाल वाचला. जमीन दीड एकर, घर कच्चं, कमावती एकटी आई. त्यांच्या कपाळाला आठी पडली. कागदावर हे घर नापास होत होतं. आपटे बाईंनी उठून सांगितलं, "मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याकडून फर्स्ट क्लास." साहेब त्यांचेच कुणी जुने विद्यार्थी असल्यासारखे हसले, पण लगेच गंभीर झाले आणि हौसाबाईंना म्हणाले, "एकदा तुम्ही मुलीला अनोळखी माणसांबरोबर पाठवलंत. पुन्हा पाठवणार नाही, हे मी कशावरून धरू?"

सगळं ह्या प्रश्नावर अडलं होतं. हौसाबाई साहेबांकडे सरळ बघत म्हणाल्या, "त्यासनी मन्हं घर दखं. मी त्यासनं नही दखं. आते मी दखसू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "त्या म्हणतात, त्या लोकांनी माझं घर पाहिलं, मी त्यांचं पाहिलं नाही. आता मी पाहीन." आणि मग न राहवून जोडलं, "काल माझं पाहिलं, साहेब. पिठाच्या डब्यासकट."

साहेबांनी पेन उचललं आणि मुलीला आईच्या ताब्यात दिलं.

सीबीएसवर त्यांना गाडीत बसवताना हौसाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "तो कागद एक कोरा द्या." कोणता, ते मला लगेच कळलं. फॉर्म सरकारी मालमत्ता. मी आपटे बाईंकडे पाहिलं. बाई आभाळाकडे बघत म्हणाल्या, "एखादा शाई सांडून खराब होतोच की गं." मी फाइलमधून कोरा फॉर्म काढून दिला.

पुन्हा एकदा

मुलगी घरी गेल्यावर काही महिन्यांनी जाऊन पाहायचं असतं. मी मार्गशीर्षात गेले, ह्या वेळी गाडी चुकली नाही. इंदू नव्या कांद्याच्या रोपांना पाणी देत होती. हौसाबाईंनी काही न विचारता मला बसवलं आणि आतून बशी आणली. पोहे होते, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड.

मी खात असताना इंदूने देव्हाऱ्यामागून घडी केलेला फॉर्म आणला. मधल्या काळात एक स्थळ आलं होतं, तेही सातपूरचं. माय-लेकी दोघी एसटीने नाशिकला आल्या, शहर बसने सातपूरला गेल्या आणि शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर उभ्या राहिल्या. मुलगा बाहेर आला, खरोखरचा होता. मग घर पाहिलं. इंदूने शाळेतल्या वळणदार अक्षरात सगळी कलमं भरली होती. कमावतं कोण: मुलगा. व्यसन: तंबाखू, सोडतो म्हणाला. स्वभाव: आईसमोर बोलत नाही. पिठाचा डबा: स्वच्छ. हे कलम तिने स्वतः वाढवलं होतं. शेजाऱ्यांची दोन मतं होती, दोन्ही वेगवेगळ्या गल्लीतली.

शेवटी अभिप्राय: पसंत, वैशाखात बघू, घाई नाही.

त्याखाली छापलेलं असतं, 'चौकशी अधिकाऱ्याची सही'. मी दहा वर्षं त्या रेघेवर सही करत आले होते. इंदूने सही केली नव्हती, तिने जागा मोकळी सोडली होती. तिथं हौसाबाईंचा अंगठा होता.